रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल, मग उठताना मांड्या साथ का देत नाहीत?

प्रश्न : माझं वय ४७, नाशिकला बँकेत नोकरी करते. सहा-सात महिन्यांपासून जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, दोन जिने चढले की मांड्या भरून येतात आणि रात्री पोटरीत वांब येतो. तपासणीत ड जीवनसत्त्व ९ नॅनोग्रॅम निघालं. कॅल्शियम मात्र ९.२, म्हणजे नॉर्मल. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे घ्यायला सांगितली आहे. शिवाय कॅल्शियमच्या दोन गोळ्या आहेत, त्या मी रात्री झोपताना एकदम घेते. तीन पुड्या झाल्या, पण फरक काहीच नाही. रोज सकाळी सातला गच्चीवर कोवळ्या उन्हातही बसते. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी चालू आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. ती म्हणते, स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचा पंप असतो आणि ड जीवनसत्त्व कमी पडलं की तो मंदावतो. हे खरं का? खरं असेल तर रक्तात कॅल्शियम पुरेसं असून उपयोग काय? पुडी दिवसाआड घेतली तर लवकर बरं वाटेल का? आणि ७४ वर्षांच्या सासूबाईंनाही ह्याच पुड्या द्याव्यात का?
– एक वाचक, नाशिक

सप्रेम नमस्कार.

पुडीचं आधी सांगून टाकू, कारण तिथे चूक झाली तर महागात पडते. ती आठवड्यातून एकदाच घ्या, दिवसाआड अजिबात नको. तीन पुड्यांनंतर फरक जाणवला नाही म्हणून औषध लागू पडत नाही असं समजू नका. रक्तातला आकडा आधी वर येतो, मांड्यांतला जोर त्याच्या बराच मागून येतो. तो का मागे राहतो हे कळायला तुमच्या मुलीने काढलेल्या पंपापासूनच सुरुवात करायला हवी.

रक्तातल्या कॅल्शियमपैकी जवळपास निम्मं प्रथिनांना किंवा इतर क्षारांना बांधलेलं असतं. उरलेलं मोकळं कॅल्शियम लिटरमागे साधारण १.२ मिलिमोल भरतं. विसावलेल्या स्नायूपेशीच्या आत मोकळं कॅल्शियम त्याच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा, इतकंच असतं. पेशी हा फरक मेहनतीने राखते, कारण आतलं कॅल्शियम वाढणं हाच तिच्यासाठी ‘आखड’ असा हुकूम असतो. आखडण्यासाठी लागणारं कॅल्शियम ती पेशीतल्याच एका कोठीत भरून ठेवते. शास्त्रात तिला सार्कोप्लाझमिक रेटिक्युलम म्हणतात, आपण इथे कोठीच म्हणू.

तुम्ही पाटावरून उठायचं ठरवता तेव्हा मज्जातंतूवरून आलेला संदेश पेशीच्या आवरणावर विजेच्या लाटेसारखा पसरतो आणि आवरणातून आत गेलेल्या बारीक नळ्यांवाटे खोलवर पोचतो. नळीच्या भिंतीतलं एक प्रथिन ती लाट ओळखतं आणि लगतच्या कोठीचं दार उघडतं. त्या दाराचं नाव रायनोडिन रिसेप्टर. काही मिलिसेकंदांत कॅल्शियम बाहेर येतं आणि ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. त्यामुळे अ‍ॅक्टिनच्या धाग्यावरचं ट्रोपोमायोसिनचं झाकण बाजूला सरकतं आणि मायोसिन हे शेजारचं प्रथिन त्या धाग्याला धरून ओढतं. स्नायू आखडतो तो असा.

सैल होण्याचं काम ह्याहून जास्त कष्टाचं आहे. सुटलेलं कॅल्शियम परत कोठीत भरावं लागतं, तेही कमी साठ्याकडून जास्त साठ्याकडे, म्हणजे उलट्या दिशेने. हे काम करतो तो तुमच्या मुलीने सांगितलेला पंप, सर्का. कॅल्शियमचे दोन आयन आत ढकलायला तो एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. पंप मंदावला की दोन गोष्टी एकदम बिघडतात. स्नायू सैल व्हायला वेळ लागतो आणि कोठी नीट न भरल्यामुळे पुढच्या खेपेला कमी कॅल्शियम सुटतं, म्हणून ओढ कमी पडते. जिन्याच्या पहिल्या चार पायऱ्यांना हे जाणवणार नाही, पण तीच क्रिया लागोपाठ वीस-पंचवीस वेळा करायची झाली की मांड्या भरून येतात.

आता तुमचा प्रश्न, रक्तात पुरेसं असून उपयोग काय? हृदयाच्या स्नायूला प्रत्येक ठोक्याला बाहेरचं थोडं कॅल्शियम आत घ्यावं लागतं, त्याशिवाय त्याच्या कोठीचं दार उघडत नाही. हातापायांच्या स्नायूंना आखडण्यासाठी ती गरज नाही, ते आपल्या कोठीतल्या साठ्यावर चालतात. म्हणून रक्तातलं कॅल्शियम ९.२ आहे की ८.८, ह्याने मांडीच्या जोरात फरक पडत नाही आणि कॅल्शियमची गोळी घेतली म्हणजे ती स्नायूत जाऊन ताकद देते, असंही होत नाही. तुमचा ९.२ हा आकडा खरा आहे, पण तो स्नायूबद्दल फारसं काही सांगत नाही.

ड जीवनसत्त्व ह्यात येतं कुठे? त्वचेत तयार झालेलं किंवा पुडीतून आलेलं ड जीवनसत्त्व यकृतात एकदा बदलतं. तुमच्या रिपोर्टमधला ९ हा आकडा ह्याच यकृतातल्या रूपाचा आहे. पुढे मूत्रपिंडात त्याचं कॅल्सिट्रायॉल होतं आणि ते पेशींतल्या व्हीडीआर नावाच्या ग्राहकाला चिकटून कोणती जनुकं किती वाचली जावीत हे ठरवतं. १९७४ मध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या सशांच्या स्नायूंतून ही कोठी वेगळी काढून तपासली, तेव्हा ती कॅल्शियम कमी वेगाने आत घेताना दिसली. पुढे उंदरांच्या स्नायूंत सैल होण्याचा वेळ लांबल्याचं दिसलं. अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथे रिकार्डो बोलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिल्लांच्या स्नायूपेशींवर बरीच वर्षं काम केलं. कॅल्सिट्रायॉल दिल्यावर काही मिनिटांतच आवरणातल्या वाटा उघडून कॅल्शियम आत येतं, असं त्यांना दिसलं. जनुकांवाटे होणारा परिणाम इतक्या लवकर होऊ शकत नाही, म्हणजे ह्या जीवनसत्त्वाचा दुसरा, झटपट मार्गही आहे. अलीकडे फक्त स्नायूंमधून व्हीडीआर काढून टाकलेल्या उंदरांची पकड कमजोर झालेली दिसली.

इथवर मुलीचं बरोबर आहे. मात्र तिला एवढं जरूर सांगा की हे बहुतेक प्राण्यांत आणि काचेच्या बशीत पाहिलेलं आहे. मोठ्या माणसाच्या तयार स्नायूत व्हीडीआर मुळातच फार कमी असतो. २०११ मध्ये तर, तो ओळखायला वापरलेली रसायनं दुसऱ्याच प्रथिनांना चिकटत होती का, अशी रास्त शंका घेतली गेली. पुढे जास्त काटेकोर पद्धतींनी तो सापडला, पण थोडाच. स्नायूची दुरुस्ती करणाऱ्या राखीव पेशींत तो अधिक असतो. म्हणून ‘ड कमी, म्हणून पंप मंद, म्हणून अशक्तपणा’ अशी सरळ रेघ ओढणं आम्हाला पटत नाही.

तुमच्यासारख्या रुग्णात दुसरी वाट बहुधा जास्त महत्त्वाची असते, आणि ती आहे फॉस्फरसची. ड कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. रक्तातली पातळी घसरू नये म्हणून मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे संप्रेरक वाढवतात. पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं आणि मूत्रपिंडाला कॅल्शियम धरून ठेवायला लावतं. तुमचं ९.२ असं टिकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणजे हाडांच्या जिवावर. पण हेच पीटीएच मूत्रपिंडातून फॉस्फेट, म्हणजे शरीरातला फॉस्फरस, बाहेर टाकतं. एटीपीत फॉस्फेट असतं आणि सर्का पंप एटीपीवर चालतो. २०१० मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात, ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेतला स्नायूंचा अशक्तपणा मुख्यतः फॉस्फेट घटल्यामुळे येतो, असा निष्कर्ष निघाला. पंप धड असला तरी त्याला इंधन कमी पडतं, असा त्याचा अर्थ.

माणसातही इंधनाचा हा धागा दिसला आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे ड जीवनसत्त्व फारच कमी असलेल्या आणि थकव्याची तक्रार करणाऱ्या १२ जणांच्या पोटरीचा व्यायामानंतर एमआर (चुंबकीय तपासणी) तंत्राने अभ्यास झाला. व्यायामात खर्च झालेलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे स्नायूतला इंधनाचा राखीव साठा, अर्धं भरून यायला उपचाराआधी सरासरी सुमारे ३४ सेकंद लागत होते, उपचारानंतर सुमारे २८. अभ्यास लहान होता आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, पण तुमची तक्रार आणि हे माप एकमेकांना जुळतात.

मांड्याच का धरतात, हेही ह्यात आलं. ह्या कमतरतेत झटकन जोर लावणारे, दुसऱ्या प्रकारचे स्नायूतंतू जास्त बारीक होतात. जमिनीवरून उठणं, एसटीची उंच पायरी चढणं, डोक्यावरच्या फळीवरून डबा काढणं ही त्यांची कामं. म्हणून कंबर, मांड्या आणि खांदे आधी थकतात, तर पेन धरायला किंवा बटण लावायला त्रास होत नाही. तुमचं लक्षण ह्या चित्रात बसतं.

पोटरीतल्या वांबाचं तसं नाही. तो वेगळा काढून पाहायला हवा. कॅल्शियममुळे येणारे पेटके रक्तातलं कॅल्शियम खरोखर खाली गेल्यावर येतात. त्यात स्नायूपेक्षा मज्जातंतू चळतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मग हाताची बोटं सरळच राहून एकत्र येतात आणि मनगट आत वळतं. ९.२ वर हे होणार नाही. फक्त ह्या आकड्याबरोबर अल्ब्युमिन, म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणारं रक्तातलं प्रथिन, किती होतं ते बघा. अल्ब्युमिन ४ पेक्षा कमी असेल तर दर १ ग्रॅम कमतरतेमागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवतात. तुमच्या वांबामागे आमचा पहिला संशय बीपीच्या गोळीतल्या क्लोरथॅलिडोनवर आहे. हे औषध लघवीवाटे पोटॅशियम, सोडियम आणि मॅग्नेशियम बाहेर घालवतं, आणि पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं की पेटके येतात, मांड्याही ढिल्या पडतात. तेव्हा सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ह्या आठवड्यातच तपासून घ्या. तीन चाचण्यांचं काम आहे आणि तुमच्या तक्रारीतला अर्धा भाग त्यात सापडू शकतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

क्लोरथॅलिडोनचं आणखी एक आहे, आणि दिवसाआड पुडी नको म्हणण्याचं ते एक मोठं कारण. हे औषध मूत्रपिंडाला कॅल्शियम धरून ठेवायला लावतं. वरून ड जीवनसत्त्वाचा भडिमार आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या असं झालं तर रक्तातलं कॅल्शियम वर जाऊ शकतं. दिवसाआड पुडी म्हणजे महिन्याला ९ लाख युनिट, दिवसाची सरासरी ३०,०००. आठ आठवड्यांच्या तुमच्या पूर्ण कोर्समध्ये मिळून ४ लाख ८० हजार युनिट होतात. आठवड्याची पुडी चुकून रोज घेतली गेल्याने बाधलेले रुग्ण आपल्याकडे नेहमी पाहायला मिळतात. सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, भूक मरणं आणि डोकं जड होऊन गोंधळणं, ही त्याची लक्षणं. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे हा त्रास औषध थांबवल्यावरही आठवडे टिकू शकतो. आणि घाई करून फायदाही नाही. मूत्रपिंड कॅल्सिट्रायॉल मोजूनमापूनच बनवतं, कच्चा माल जास्त ओतला म्हणून जास्त बनवत नाही. पीटीएच खाली येणं, फॉस्फेट सावरणं, बारीक झालेले तंतू परत भरणं ह्याला आपापला वेळ लागतोच.

पुडी घ्यायची पद्धत तपासा. आठवड्याचा एक वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. ती दुपारच्या जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या घ्या, आणि त्या जेवणात तूप, तेल, शेंगदाणे असं काही असू द्या, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धांशाबरोबर चांगलं शोषलं जातं. उपाशीपोटी, नुसत्या पाण्यातून घेतलेली पुडी पूर्ण कामी येत नाही. एखादा आठवडा चुकला तर आठवेल तेव्हा एक घ्या, दोन एकदम नको.

कॅल्शियमच्या गोळ्यांत तुमचं दोन ठिकाणी चुकतं आहे. बहुतेक गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं. १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटमधून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, आणि ते विरघळायला जेवणाच्या वेळचं पोटातलं आम्ल लागतं. झोपताना रिकाम्या पोटी घेतलं तर त्यातलं बरंचसं वाया जातं. शिवाय आतडं एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतच चांगलं शोषतं. तेव्हा गोळी जेवणासोबत, आणि दोन लागणार असतील तर दोन वेगळ्या जेवणांना. लोहाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर ठेवा.

दोन लागतात का, ते मात्र आधी मोजा. तुमच्या वयाला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची आहे, आणि ती आहारासकट आहे. दोन कप, म्हणजे साधारण ४०० मिलिलिटर दूध किंवा दही ह्यातून ४५०च्या आसपास मिळतं. ५० ग्रॅम पिठाची नाचणीची एक भाकरी १८० देते. चमचाभर तिळात आकडा मोठा दिसतो, पण सालासकट तिळातलं कॅल्शियम पूर्ण शोषलं जात नाही, म्हणून त्यावर फार विसंबू नका. एवढं रोज पोटात जात असेल तर एक गोळी पुरते. आणि गोळीच्या वेष्टनावर ‘कॅल्सिट्रायॉल ०.२५ मायक्रोग्रॅम’ असं छापलेलं आहे का ते वाचा, आपल्याकडे पुष्कळ गोळ्यांत ते घातलेलं असतं. कॅल्सिट्रायॉल म्हणजे मूत्रपिंडाने बनवायचं ते तयार संप्रेरक. तुमची मूत्रपिंडं ठीक असतील तर त्याची गरज नाही. त्याने ९ हा आकडा वाढत नाही, क्लोरथॅलिडोनसोबत रक्तातलं कॅल्शियम मात्र वाढू शकतं. तसं असेल तर डॉक्टरांकडून साध्या कार्बोनेटची गोळी बदलून घ्या.

कोवळ्या उन्हाबद्दलचा समज आपल्या घराघरांत आहे आणि तो मोडायला जड जातो. त्वचेत ड जीवनसत्त्व बनतं ते अतिनील-ब किरणांनी, आणि सूर्य क्षितिजाजवळ असताना ते वातावरणातच अडतात. सकाळी सातला गच्चीवर प्रसन्न वाटेल, पण ड मिळणार नाही. खूण सोपी आहे : उभं राहून आपली सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तरच ऊन कामाचं. नाशिकला मे महिन्यात ही वेळ साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन अशी लांबलचक असते. डिसेंबरअखेर मात्र दुपारी साडेबाराच्या आगेमागेच सावली जेमतेम उंचीइतकी आखूड होते. पुढच्या उन्हाळ्यात दहाच्या सुमाराला कोपरापर्यंत हात आणि गुडघ्याखालचे पाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. खिडकीच्या काचेआडून काहीच उपयोग नाही, साध्या काचेतूनही हे किरण येत नाहीत. उन्हाने पुढची पातळी टिकवायला मदत होईल. आत्ताची ९ ची तूट मात्र पुड्याच भरून काढतील. आहाराचंही तेच. ‘+एफ’ चिन्हाच्या, म्हणजे वरून जीवनसत्त्वं घातलेल्या, दुधात लिटरला २०० ते ३०० युनिट असतात, म्हणजे पेल्यात पन्नासेक. अंड्याच्या एका बलकात साधारण चाळीस.

फरक पडतोय की नाही हे आठवणीवर सोडू नका, मोजा. हात नसलेली, साधारण १७-१८ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर कैची करून बसा. मोबाइलवर वेळ लावा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून खाली बसा. पाचव्यांदा सरळ उभं राहिलात की वेळ थांबवा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांत जोर कमी आहे असं धरतात. दर आठवड्याला पुडीच्या दिवशीच, त्याच खुर्चीवर करा आणि आकडा लिहून ठेवा. सुरुवातीचे तीन-चार आठवडे तो जागचा हलला नाही तरी चालेल. तिसरा महिना संपत आला, रक्तातली पातळी वर आली आणि तरीही आकडा तिथेच असेल, तर मात्र कारण दुसरं आहे असं समजून शोध घ्यायला हवा.

जोर परत यायला स्नायूवर भारही पडावा लागतो, नुसत्या पुडीने तंतू जाड होत नाहीत. हीच खुर्ची वापरा. तिच्यावर एक उशी ठेवून उंची वाढवा आणि आठ ते दहा वेळा उठा-बसा. खाली बसताना तीन आकडे मोजत सावकाश बसा. दोन मिनिटं थांबून दुसरा फेरा. दिवसाआड करा आणि जमायला लागलं की उशी काढा. एक जपा : जांघेत दुखत असेल, किंवा नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर कळ येत असेल, तर व्यायाम थांबवून आधी एक्स-रे काढा. ड जीवनसत्त्व दीर्घकाळ कमी राहिलं की हाडं मऊ पडतात आणि खुब्याजवळ बारीक चिरा जाऊ शकतात. तशा हाडावर भार देणं धोक्याचं.

सोडियम-पोटॅशियमसोबत ह्याही चाचण्या करून घ्या : फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांसाठी), पीटीएच, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि सीपीके (स्नायूंना इजा आहे का ते कळायला). पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं, फॉस्फरस कमी आणि सीपीके नॉर्मल असं निघालं तर अशक्तपणा ड जीवनसत्त्वाचाच, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. सीपीके फार वाढलेलं निघालं तर थायरॉइड, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या किंवा स्नायूंचा स्वतंत्र आजार तपासावा लागेल. क्लोरथॅलिडोनमुळे कॅल्शियमची चाचणी चौथ्या पुडीनंतर एकदा पुन्हा करा. ड जीवनसत्त्व मात्र उपचार सुरू केल्यापासून तीन महिन्यांनीच तपासा. रक्तातल्या ह्या रूपाचं प्रमाण निम्मं व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे मध्येच तपासून नुसता खर्च होतो. लॅबच्या कागदावर ३० ते १०० असा नॉर्मल पट्टा छापलेला असतो, पण २० च्या वर गेलं की हाडांसाठी ते पुरेसं मानणाऱ्या तज्ज्ञसमित्या आहेत. २६ आलं म्हणून घाबरून पुन्हा आठ पुड्या सुरू करू नका. त्यानंतर दिवसाला १००० युनिटची गोळी पुरावी.

अशक्तपणा दिवसांत झपाट्याने वाढला, एकाच बाजूचा असला, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड वाटलं, लघवी चहाच्या रंगाची झाली किंवा छातीत धडधडू लागलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. ही ड जीवनसत्त्वाची लक्षणं नव्हेत.

सासूबाईंना तुमच्या पुड्या देऊ नका. ह्याबाबत आम्ही ठाम आहोत, कारण त्यांच्या वयात मोठ्या मात्रेने उलटं घडलेलं आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर अभ्यास झाला. त्यातल्या अर्ध्या जणींना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस दिला. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा डोस घेतलेल्या स्त्रियांमध्ये पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाडं मोडण्याचं २६ टक्क्यांनी जास्त होतं, आणि पडण्याचा धोका डोसनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त होता. झुरिचमध्ये आधी एकदा पडलेल्या, सत्तरीपुढच्या २०० जणांना दर महिन्याला वेगवेगळ्या मात्रा दिल्या. वर्षभरात २४,००० युनिटच्या गटातले सुमारे ४८ टक्के लोक पडले, तर ६०,००० च्या गटातले सुमारे ६७ टक्के. ही दुसरी मात्रा म्हणजे आपल्याकडे सर्रास दिली जाणारी महिन्याची पुडीच.

त्यांची पातळी आणि क्रिएटिनिन आधी तपासा. पातळी बरी असेल तर दिवसाला ८०० युनिट पुरे, आणि १२ च्या खाली असेल तर रोजच्या छोट्या मात्रेने भरून काढण्याविषयी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. त्यांच्या पडण्याची काळजी वाटत असेल तर आणखी एक तपासणी घरीच होते. पाच मिनिटं आडवं झोपवून त्यांचा बीपी मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा, शेजारी कोणीतरी धरायला असू द्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांना दाखवा आणि रात्री बाथरूमला जाताना त्यांना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसूनच उठायला सांगा.